यिर्मयाचं पाचारण प्रत्येक ख्रिस्ती माणसाला लागू होतं का? मला नाही वाटत

कोरा_कागद:
बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं १:५, म्हणजे त्याच्या पाचारणाचं (देवाच्या बोलावण्याचं) वचन, आजकाल कुठे कुठे दिसतं बघा. बाप्तिस्म्याच्या कार्डावर, दहावी पास झालेल्या पोरांच्या सत्काराला, युथ कॅम्पच्या टीशर्टवर, परवा तर एका लग्नपत्रिकेवर पाहिलं. तुला गर्भात घडवायच्या आधीच मी तुला ओळखत होतो, वगैरे. गोड आहे, वाद नाही. पण वचन तिथे संपत नाही ना राव, पुढे आहे की तुला राष्ट्रांसाठी संदेष्टा म्हणजे देवाचा निरोप सांगणारा नेमलंय, आणि दहाव्या वचनात कामाची यादीच दिलीय, उपटणं, मोडणं, नाश करणं, पाडून टाकणं आणि मग बांधणं नि लावणं. सहापैकी चार कामं पाडापाडीची! ती कुणी छापत नाही.

बरं हा माणूस कोण, तर यरुशलेमपासून तासा-दीड तासाच्या चालीवरचं अनाथोथ गाव, तिथल्या याजक म्हणजे पुजारी घराण्यातला पोरगा, योशीया राजाच्या तेराव्या वर्षी म्हणजे साधारण इ.स.पू. ६२७ ला त्याला बोलावणं आलं, तो म्हणाला मला बोलता येत नाही मी लहान आहे, देव म्हणाला लहान आहे म्हणू नकोस, पाठवीन तिकडे जायचं. आणि मग? गावच्याच लोकांनी त्याच्या जिवावर उठून कट केला (अध्याय ११). लग्न करायचं नाही असं सांगण्यात आलं (१६). पशहूर याजकाने मारून रात्रभर खोड्यात अडकवला (२०). यहोयाकीम राजाने त्याच्या संदेशांची लेखी गुंडाळी चाकूने कापून कापून शेगडीत घातली (३६). स्वतःच हिशोब देतो की २३ वर्षं बोलतोय आणि तुम्ही ऐकलं नाहीत (२५:३).

माझं म्हणणं, हे एका माणसाला एका कामासाठी आलेलं पाचारण आहे. ते सगळ्यांना वाटत सुटलं की पोरं "देवाने माझ्यासाठी काहीतरी ग्रेट ठेवलंय" या नादात हातातलं काम कमी लेखतात, आणि ज्याला खुर्ची हवी तो उठून म्हणतो मला पाचारण आहे, मग त्याला हिशोब कोण विचारणार? देव मला जन्माआधीपासून ओळखतो एवढा दिलासा हवा असेल तर स्तोत्र १३९ आहे की. ते कोणीही म्हणावं.

नगरची_रूथ:
दादा, अजिबात पटलं नाही. नव्या करारातलं गलतीकरांस पत्र १:१५ काढा. पौल म्हणतो देवाने मला आईच्या उदरापासून वेगळं केलं. म्हणजे यिर्मयाची भाषा पौलानेच स्वतःला लावून घेतली, तेव्हा कुणी म्हणालं नाही की अहो हे दुसऱ्याचं वचन आहे, ठेवा खाली.

आणि पाचारण म्हणणारा प्रत्येक जण खुर्चीच्या मागे असतो हे कुठून आणलंत? ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचं पगारी काम सोडलं आणि देवाचा दरबार नावाची ख्रिस्तभक्तांची मंडळी काढली, तिच्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोन्ही येऊ शकत होते. त्यात कुठली आलीय खुर्ची, होती ती पण गेली. मी संडेस्कूल घेते, काही पोरं अशा घरातून येतात जिथे दिवसभर तू कशाला जन्मलास हेच ऐकतात. त्यांना सांगू का, थांब बाळा, हे तुझ्यासाठी नाही, तू १३९ उघड?

कोरा_कागद:
हो, सांगा ना! १३९ मध्ये ना पद आहे ना अट. त्या पोराला देव ओळखतो एवढंच हवंय, राष्ट्रांवर नेमणूक नकोय. आणि पौल प्रेषित होता, त्याने पण फटके खाल्ले, तुरुंगात गेला. तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे ताई.

वसईचा_वाल:
आमच्याकडे कॅथलिक बाप्तिस्म्यात बाळाच्या डोक्याला तेल लावतात ना तेव्हा ख्रिस्ताच्या याजक, संदेष्टा आणि राजा या पदांत सहभागी असं म्हणतात. म्हणजे चर्चच्या शिकवणीप्रमाणे पाळण्यातलं पोर पण संदेष्टेपणात भागीदार. त्यामुळे "एकाच माणसाचं पाचारण" हे मला मान्यच नाही. किंमत मोठी आहे म्हणून वचन काढून घेता, हे काय लॉजिक झालं, वचन ठेवा आणि किंमत पण सांगा.

आमच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं घ्या. त्यांनी काय कार्डावर वचन लावून घरी बसायचं का? हरित वसईच्या चळवळीत इथली झाडं, पाणी, जमीन वाचवायला उभे राहिले, तेव्हा फादरांनी मिस्सा (चर्चमधली उपासना) करावी, यात कशाला पडावं म्हणणारे आमचेच लोक होते. २०२० ला उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हाही धर्मगुरू कशाला म्हणून विरोध झालाच. यिर्मया १:१९ वाचा, ते तुझ्याशी लढतील पण तुला हरवू शकणार नाहीत. फक्त इ.स.पू. चं वाटत नाही मला ते.

खडूस_काका:
दोन्ही बाजू एक गोष्ट सोडून बोलताय. पाचारण खरं की खोटं हे त्या क्षणी कळत कसं? अध्याय २८ बघा. सिद्कीया राजाच्या काळात, त्याच मंदिरात, सगळ्या लोकांसमोर हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा उभा राहतो आणि तो पण "परमेश्वर म्हणतो" म्हणूनच सुरू करतो. दोन वर्षांत बाबेलचं (बॅबिलोनच्या सत्तेचं) जू मोडणार, मंदिराची भांडी परत येणार, बंदिवान परत येणार. पब्लिक खूश. बाबेलपुढे मान वाकवा याची खूण म्हणून यिर्मयाच्या मानेवर लाकडी जू होतं, ते हनन्याने ओढून सगळ्यांसमोर मोडलं. आणि यिर्मयाने काय केलं? आधी म्हणाला आमेन, परमेश्वर तसं करो. मग म्हणाला शांतीचं बोलणाऱ्याचं खरं झालं की मगच कळतं त्याला देवाने पाठवला का. आणि जू मोडल्यावर सरळ आपल्या वाटेने निघून गेला. ज्याला अस्सल पाचारण होतं त्याच्याकडे तिथे उभ्या उभ्या उत्तर नव्हतं, नंतर मिळालं. आजचे संदेष्टे बघा, माईक हातात आला की सुटले, व्हिसा होईल, प्रमोशन होईल, सगळं आत्ताच सांगायचं असतं त्यांना. हनन्याची मार्केटिंग टीम जोरात आहे.

म्हणून १:५ कुणालाही द्या, मला फरक पडत नाही. सोबत अध्याय २८ द्या म्हणजे झालं.

मीठ_थोडं_जास्त:
मला वाटतं सगळे चुकीच्या माणसावरून भांडताय. ३८ व्या अध्यायात यिर्मयाला हौदात उतरवलंय, पाणी नाही नुसता चिखल, तो आत रुततोय. देवदूत येत नाही. कोण येतो तर एबद-मलेख, कूश देशाचा, म्हणजे परदेशी, राजवाड्यातला नोकर. तो भर दरवाज्यात बसलेल्या राजाकडे जाऊन सांगतो की या लोकांनी वाईट केलंय, ३० माणसं घेतो, भांडारातून जुन्या चिंध्या काढतो आणि दोराबरोबर खाली सोडतो की काखेत घे म्हणजे दोर काचणार नाही. काखेत चिंध्या!! एवढं बारीक सुचलं त्या माणसाला. त्याला गर्भातून पाचारण झाल्याचं कुठेही लिहिलेलं नाही, वाईट दिसलं आणि गेला. पुढे ३९ मध्ये देव त्याला वाचवायचं वचन देतो, का तर तू माझ्यावर भरवसा ठेवलास.

आणि बारूख, जो सगळं लिहून घ्यायचा, त्याला ४५ मध्ये स्पष्ट सांगितलंय की स्वतःसाठी मोठमोठ्या गोष्टी शोधतोस काय, शोधू नको. आपल्यातले ९९ टक्के लोक बारूख नाहीतर एबद-मलेख आहेत, यिर्मया होण्याची एवढी घाई का आहे कळत नाही. कॅम्पला बारूखवर सेशन ठेवा एकदा.

नगरची_रूथ:
एबद-मलेख मस्तच, पण हौदात यिर्मया होता म्हणून त्याला कुणाला तरी वर काढता आलं ना? सगळेच चिंध्या घेऊन उभे राहिले आणि राजाला तोंडावर सांगणारा कुणीच नसेल तर चालेल का?

कोरा_कागद:
बरं मग राजाला सोडा, मंडळीलाच तोंडावर सांगायचं बघू. अध्याय ७, मंदिराच्या दारात उभा राहून म्हणतो "परमेश्वराचं मंदिर, परमेश्वराचं मंदिर" म्हणत बसू नका, परक्यावर, अनाथावर, विधवेवर जुलूम थांबवा, नाहीतर शिलोच्या जुन्या पवित्रस्थानाचा नाश झाला तसं याचंही होईल. ऐकणारे सगळे उपासनेला आलेले देवभक्त होते बरं का. १:५ मान्य असणाऱ्यांनी येत्या रविवारी हे बोलून दाखवावं, ट्रस्टी समोरच्या रांगेत असताना, चर्चच्या जमिनीचा विषय चालू असताना.

वसईचा_वाल:
बोलणारे बोलतात, तुझ्या नजरेत येत नाहीत. आणि अर्धंच सांगू नको. अध्याय २६ मध्ये याच भाषणावरून याला मारा म्हणून गर्दी जमली तेव्हा देशातले काही वडीलधारे उठले, म्हणाले पूर्वी मीखा संदेष्ट्याने पण सियोन (यरुशलेम) नांगरलं जाईल असं सांगितलं होतं, हिज्कीया राजाने त्याला मारलं का? आणि अहीकाम नावाचा वजनदार माणूस पाठीशी राहिला म्हणून यिर्मया वाचला. त्याच अध्यायात उरीया नावाचा दुसरा संदेष्टा आहे, तेच बोलला, घाबरून मिसरला (इजिप्तला) पळाला, तिथून धरून आणून तलवारीने मारला. म्हणजे पाचारण संदेष्ट्याला असतं पण तो जगतो की मरतो हे पुष्कळदा त्या वडीलधाऱ्यांवर असतं. आपल्याकडचे वडीलधारे अशा वेळी काय करतात ते पण लिहिलं असतं, पण बाबा हा धागा वाचतायत.