लेकीला एकही पुल-अप निघत नाही, घरच्या घरी ताकद कशी वाढवायची? (बडोदे)

हिंचकेवाली

नमस्कार मंडळी. प्रश्न तसा एका ओळीचा आहे, पण त्यावरून आमच्या घरी रोज वाद चाललेत, म्हणून इथे विचारते.

लेक साडेदहा वर्षांची, वजन ३६ किलो. दिवाळीत पुण्याहून तिचा आतेभाऊ आला होता. दोघांना कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये नेलं. तिथे गामा पैलवानाने २३ डिसेंबर १९०२ ला बडोद्यात उचललेला दगड ठेवलाय. वजन १२०० किलो सांगतात, खरंखोटं गामाला माहीत. तो बघून पोरांच्या अंगात आलं. बाहेर पडल्यावर आतेभावाने एका लोखंडी बारला लटकून सहा पुल-अप्स (हातांनी अंग ओढून हनुवटी बारच्या वर न्यायची) काढले (तो दोन वर्षं दोरीच्या मल्लखांबाला जातो). आमची आठ सेकंद लटकली आणि धप्पकन खाली. तेव्हापासून एकच ध्यास.

मग ऑनलाइन एक रॉड मागवला. दाराच्या चौकटीत पिळून घट्ट बसवायचा, स्क्रू नाही काही नाही. चौथ्या दिवशी तो सटकला. लेक बुडावर आपटली. नशिबाने खाली गादी होती, त्यामुळे फार लागलं नाही, पण नवऱ्याने रॉड उचलून माळ्यावर टाकला तो टाकलाच.

आता घरातली मतं: सासूबाई म्हणतात अशाने पोरीची उंची खुंटेल. सासरे म्हणतात लटकल्याने उंची वाढते. शाळेतले पीटीचे सर म्हणाले, "मुलींना नाही जमत ते, सोडून द्या." हे ऐकून लेक दोन दिवस जेवताना बोलली नाही, त्यामुळे सोडून द्यायचा प्रश्नच नाही.

सध्या ती १२ सूर्यनमस्कार घालते, गुडघे टेकून आठ जोर काढते, दोरीच्या उड्या मारते. पण बारवर गेली की हात सरळच राहतात, कोपरं वाकतच नाहीत. सुरुवात कुठून करायची? क्लास लावायचा नाहीये, संध्याकाळी तिला घेऊन जायला कुणी नसतं.

निमगुजराती

जोर काढून पुल-अप येत नाही, ताई. जोरात आपण ढकलतो, छाती आणि दंडाची मागची बाजू काम करते. पुल-अपमध्ये ओढायचं असतं, तिथे पाठ लागते. लेकीने आजवर ओढण्याचं काही केलेलंच नाही. विहिरीवरून पाणी काढणाऱ्या आपल्या आज्यांना कदाचित जमलं असतं.

जुनाखांब

आम्ही लहानपणी याला सिंगल बार मारणं म्हणायचो. जुम्मादादा व्यायाम मंदिर ही जुनी तालीम चालवणाऱ्या प्रो. माणिकरावांच्या गावात राहून पीटीचे सर असं बोलतात याचं वाईट वाटलं.

आधी लटकणं शिकवा. लटकणं दोन प्रकारचं. एक म्हणजे खुंटीला पिशवी टांगल्यासारखं: खांदे कानाला चिकटलेले, मान आत गेलेली. दुसरं जिवंत लटकणं: हात सरळच, पण खांदे कानांपासून खाली ओढलेले, मान लांब. मुलांना "मान लांब कर" म्हटलं की बरोबर कळतं. पिशवीतून जिवंत, जिवंतमधून पिशवी, असं पाच-सहा वेळा करायचं. शरीर जेमतेम दोन-तीन बोटं वर जातं, बघणाऱ्याला वाटतं काहीच चाललेलं नाही. पण पुल-अपची पहिली पायरी तीच, आणि तुमची लेक नेमकी तिथेच अडली आहे. खांदे खाली आले नाहीत तर कोपरं वाकायला लागणारा जोर येणार कुठून?

दुसरं म्हणजे उतरणं. चढता येत नसलं तरी उतरता येतं. स्टुलावर उभं राहून हनुवटी बारच्या वर न्यायची, पाय उचलायचे आणि जमेल तितक्या सावकाश खाली यायचं. सुरुवातीला एका सेकंदात खाली येईल. तीन-चार सेकंद लागायला लागले की समजा गाडी रुळावर आली. एका वेळी तीन-चारच, जास्त नाही, नाहीतर दुसऱ्या दिवशी वेणी घालायला हात वर जाणार नाहीत.

अवांतर: आतेभावाचे सहा पुल-अप्स दोरीमुळे असतीलच असं नाही. दोरीच्या मल्लखांबात दोरी पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यात धरतात, चढताना पायही भरपूर काम करतात. पण पकड मात्र त्यानेच पक्की होते, यात वाद नाही.

फिजिओ_बडोदेकर

उंचीबद्दल आधी. दोघेही चुकताहेत, सासूबाई आणि सासरेही. लटकल्याने उंची वाढत नाही. नीट देखरेखीखाली, झेपेल तेवढा व्यायाम केल्याने ती खुंटतही नाही. जागतिक आरोग्य संघटना तर ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटं हालचाल आणि आठवड्यात निदान तीन दिवस स्नायू-हाडं मजबूत करणारा व्यायाम सांगते. हे मुलींनाही लागू आहे, पीटीच्या सरांना सांगा.

या वयात ताकद वाढते ती मुख्यतः मेंदू आणि स्नायूंची जुळणी सुधारल्यामुळे. स्नायू फुगत नाहीत. त्यामुळे दंड मोजत बसू नका, फरक दिसणार नाही. किती सेकंद लटकली, किती सावकाश उतरली, ते लिहून ठेवा.

एकाआड एक दिवस, आठवड्यात तीनदा, पंधरा-वीस मिनिटं. पाठ-दंड दोन्ही बाजूंना सारखे दुखले तर काळजी नाही. कोपराच्या आतल्या बाजूला, मनगटात किंवा खांद्याच्या सांध्यात एका ठिकाणी बोट ठेवून "इथे" म्हणून दाखवलं, तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.

घरात लहान भावंडं आहेत का? ती हमखास नक्कल करतात. साधारण पाच वर्षांखालच्या मुलाला मनगटाला धरून उचलू किंवा झुलवू नका, कोपराचं हाड सरकतं. काखेत धरूनच उचला.

सांज_सकाळ

प्रोटीन पावडर सुरू करा. माझ्या भाच्याला फरक पडला.

फिजिओ_बडोदेकर

दहा वर्षांच्या मुलीला पावडर कशाला? दूध, दही, उसळी, खात असाल तर अंडी, भरपूर झालं. आणि "वजन कमी असलं की पुल-अप लवकर येतो" हे खरं असलं तरी तिच्यासमोर बोलू नका. या वयात मुली ते मनाला लावून घेतात.

हिंचकेवाली

धन्यवाद सगळ्यांना! धाकटा तीन वर्षांचा आहे आणि बाबा त्याला रोज हात धरून गरगर फिरवतात. आजपासून बंद.

पण लटकायचं कशाला? रॉड परत काढायला नवरा तयार नाही. डायनिंग टेबलखाली आडवं पडून कडा धरून ओढायचं, असा एक व्हिडिओ पाहिला. आमचं टेबल काचेचं आहे.

पाऊणइंची

काचेच्या टेबलाचं नावही काढू नका.

माझा पाइप-फिटिंगचा धंदा आहे म्हणून सांगतो. तुमच्या आयडीवरून घरात हिंचको (झोपाळा) आहे असं दिसतं. छताला हूक असतीलच. दोन मोठी माणसं बसून झुलतात तिथे ३६ किलोची पोरगी काहीच नाही. तरी आधी बघून घ्या. हूक स्लॅबच्या सळईत अडकवलेला किंवा वरून नटबोल्टने आवळलेला हवा. नुसता सिमेंटात खोचलेला असेल, भोवती तडा असेल, हलत असेल, तर हात लावू नका, आधी मिस्त्रीला बोलवा.

हूक ठीक असतील तर हिंचको काढा, दोन्हीकडून साखळ्या सोडा, खाली शॅकल (बोल्टने बंद होणारी यू आकाराची कडी) लावून जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप टांगा. दोरी नको. साखळीची एकेक कडी वर-खाली करून उंची बदलता येते, हा तिचा मोठा फायदा. पाइप पाऊण इंची घ्या. एक इंची पाइप बाहेरून साधारण ३३ मिमी भरतो, लहान पंजात मावत नाही. पाऊण इंची २७ मिमीच्या आसपास असतो, बोटं नीट वळतात. तुमच्या लेकीला पकडच मिळत नसेल असा माझा अंदाज, बागेतला बार मोठ्यांसाठी केलेला असतो. टोकांना कॅप लावा, कडा धारदार असतात.

जुनाखांब

वा, हे झकास! साखळी असली की मधली पायरीही मिळते, ती मी विसरलो होतो. पाइप लेकीच्या छातीइतका खाली आणा. पाइप धरून टाचा जमिनीवर ठेवून मागे तिरकं व्हायचं, अंग फळीसारखं ताठ, आणि छाती पाइपला लावायची. सहा-आठ वेळा, थोडं थांबून परत. सोपं वाटलं की पाइप एक कडी खाली. जितकं आडवं तितकं जड. टांगलेला पाइप हलणारच, म्हणून पहिल्या दिवशी मागे कुणीतरी उभं राहा.

आणि तळवे आपल्याकडे वळवून धरलं की सोपं जातं, दंड मदतीला येतात. पहिली तशीच काढू दे. आतेभावाला काय समजतंय!

निमगुजराती

वर जायला मदत म्हणून बारला रबरी बँड बांधून पायात अडकवतात. त्याऐवजी सायकलची जुनी ट्यूबही चालते, आम्ही करायचो.

पाऊणइंची

जुनी ट्यूब तुटून तोंडावर बसली की काय होतं ते माझ्या भुवईवर आहे. नको.

लष्करातला_काका

एनडीएला (खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत) येणाऱ्या मुलांना आधीपासून करायला जो सराव सांगतात त्यात किमान ८ चिन-अप्स असतात. ती मुलं साडेसोळाच्या पुढची. तेव्हा घाई नको, सहा वर्षं आहेत. आणि २०२२ पासून तिथे मुलीही आहेत, हे शाळेत कळवून टाका.

हिंचकेवाली

दोन महिन्यांनी हिशेब द्यायला आले आहे.

मिस्त्री येऊन बघून गेला. एका हुकाचा नट सैल होता! म्हणजे इतकी वर्षं आम्ही सगळे त्यावर बसून चहा पीत होतो. तो आवळला, साखळ्या आणल्या, पाऊण इंची पाइप. पकडीचा अंदाज बरोबर होता, पहिल्याच दिवशी आठाचे चौदा सेकंद झाले.

वही तिची तीच लिहिते. लटकणं आता २७ सेकंद. सावकाश उतरणं सहा सेकंद. तिरकं ओढणं नऊ, पाइप चार कड्या खाली गेलाय. मधे उत्तरायण (संक्रांतीचा पतंगांचा सण) आणि दुसऱ्या दिवशीचं वासी उत्तरायण, दोन्ही दिवस गच्चीवर, मांज्याने तर्जनी कापली, त्यामुळे एक आठवडा बार बंद. मला वाटलं सगळं पाण्यात, पण परत आल्यावर दोनच सेकंद कमी भरले.

पुल-अप अजून आलेला नाही. काल तळवे आपल्याकडे करून, हात थोडे वाकलेले ठेवून सुरुवात केली, तर नाक पाइपच्या पातळीला आलं. मग हसायला लागली आणि सुटली.

सासऱ्यांनी खांबावर पेन्सिलीने तिच्या उंचीची खूण केली आहे. फिजिओताईंचं म्हणणं त्यांना वाचून दाखवलं, पण ते दर रविवारी मोजतातच.

आता नवीन अडचण. सासूबाईंना हिंचको परत हवाय, दुपारच्या वाती त्या तिथेच वळतात. हूक दोनच. साखळी आणि हिंचक्याच्या कड्या रोज काढ-घाल करायच्या तर नवरा कंटाळतो. पाऊणइंचीभाऊ, त्याच हुकाला दोन्ही टांगता येतील असं काही मिळतं का?

पाऊणइंची

मिळतं. हुकात एक मोठा शॅकल कायमचा ठेवा, साखळी आणि हिंचक्याची कडी दोन्ही त्यातच. व्यायामाच्या वेळी हिंचको भिंतीकडे ओढून बांधा, एरवी पाइप सोडवून साखळ्या वर गुंडाळा. हुकाच्या जाडीचा फोटो टाका, माप सांगतो.