मदत हवी आहे: किनाऱ्यावरच्या रेस्टॉरंटचं छप्पर चक्रीवादळात टिकावं म्हणून काय करावं?

वळचण
मालकाला येत्या सीझनच्या आत रेस्टॉरंट उघडायचं आहे. जुनं सगळं गेलं, फक्त जोतं उरलंय. त्याच जोत्यावर ६० खुर्च्यांचं, तीन बाजूंनी उघडं, लाकडी सांगाडा आणि वर पत्रा असं करायचं आहे. वाशाला लोखंडी पट्टी (वासा खाली घट्ट धरून ठेवणारी) कुठली आणि पत्र्याला स्क्रू किती अंतरावर, एवढंच सांगा. ऑर्डर याच आठवड्यात द्यायची आहे, माल बोटीनं येतो. "स्थानिक इंजिनिअरला विचारा" असं कृपया लिहू नका, साइटवर इंजिनिअर मीच आहे.

खारवा
कुठलं बेट? किनाऱ्याचं तोंड कुठल्या दिशेला? जोतं भरतीरेषेपासून किती लांब आणि समुद्रपातळीच्या किती वर? खाली वाळू की खडक? हे कळल्याशिवाय पट्टीचा नंबर सांगण्यात अर्थ नाही.

वळचण
कॅरिकू बेट, ग्रेनाडा देश, कॅरिबियन. २०२४ च्या बेरिल चक्रीवादळात गेलं. पश्चिमेकडची आडोशाची बाजू आहे, त्यामुळे लाटांचा प्रश्न नाही. वाऱ्याचं सांगा.

कोकणकडा
आपल्याकडे ३ जून २०२० ला निसर्ग वादळात श्रीवर्धन भागात पत्रे असेच उडाले. आधी सीआरझेडची (किनाऱ्यावरच्या बांधकामाच्या नियमांची) परवानगी बघा, नाहीतर नंतर नोटीस येते. नारळ-सुपारीची झाडं छपरापासून लांब ठेवा.

खारवा
@कोकणकडा, ग्रेनाडात सीआरझेड नाही. झाडांचं मात्र बरोबर आहे.
@वळचण, लाटांचा प्रश्न नाही हे कशावरून? नोव्हेंबर १९९९ मध्ये लेनी चक्रीवादळ पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकलं आणि ज्यांना सगळे आडोशाचे किनारे म्हणतात त्यांनाच झोडपलं. ग्रेनाडाचा पश्चिम किनाराही त्यात होता. छप्पर कितीही घट्ट बांधा, जोत्याखालची वाळू गेली की कॉलम आडवे.

स्लॅबवाला
लाकूड-पत्र्याचा नाद सोडा. १२५ मिमीचा आरसीसी स्लॅब टाका. चौरस मीटरला ३१० किलो वजन होतं, वारा उचलणारच नाही.

पाखाडी
@स्लॅबवाला, हिशेब करून बघू. वाऱ्याचा झोत सेकंदाला ७० मीटर धरा. ०.६१३ गुणिले वेगाचा वर्ग, म्हणजे चौरस मीटरला ३,००० न्यूटन, ढोबळ ३०० किलो. हा झाला मूळ दाब. उघड्या बाजूंच्या छपराला वारा खालून ढकलतो आणि वरून ओढतो, दोन्ही एकदम. कडेला आणि कोपऱ्यात गुणांक २ पर्यंत सहज जातो, म्हणजे ६०० किलो. तुमचा ३१० किलोचा स्लॅब तिथे नुसत्या वजनावर बसून राहत नाही, त्यालाही कॉलममध्ये सळई नीट अडकवावीच लागते. शिवाय हा भूकंपाचा पट्टा आहे. बारीक कॉलमवर जड स्लॅब म्हणजे दुसरं संकट.

वळचण, आता तुमच्या प्रश्नाकडे. वासे ६०० मिमीवर, रिपा ६०० मिमीवर धरल्या तर कोपऱ्यातल्या एकेका सांध्यावर ०.३६ चौ.मी. गुणिले ६००, म्हणजे साधारण २१५ किलोची ओढ. दोन खिळ्यांवर हे धरत नाही, प्रत्येक सांध्याला पट्टी हवी. वासा जिथे तुळईवर बसतो तिथे अडीच मीटर लांबीचा भार धरला तर ओढ ९०० किलोच्या आसपास जाते. लहान एकेरी पट्टी साधारण अडीचशे किलोची असते. तिथे वाशावरून गुंडाळून दोन्ही बाजूंनी तुळईत उतरणारी पट्टीच घ्या, आणि क्षमता कॅटलॉगमधून तपासा.

पत्रा २४ गेजचा. २८ गेजचा पातळ असतो, स्वस्त पडतो, पण झोताबरोबर वर-खाली होऊन स्क्रूच्या डोक्याभोवती चिरतो. वादळानंतर रीप आणि स्क्रू जागेवर असतात, डोक्याखाली पत्र्याची चकती उरलेली असते, पत्रा गायब. स्क्रू वळचणीला, आढ्याला आणि कडांना प्रत्येक नाळीला, मधल्या भागात एकाआड एक. कडेच्या रिपा जवळजवळ घ्या.

आकार चौपाखी, उतार २५ ते ३० अंश, पागोळीचा भाग ४५० मिमीपेक्षा पुढे नको. समुद्राकडची पडवी हवीच असेल तर तिचं छप्पर मुख्य छपरापासून पूर्ण वेगळं ठेवा. वासे सलग नेले तर पडवी उडताना मुख्य पाखं सोलून नेते.

वळचण
हे हवं होतं. पट्ट्या गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर दिलेल्या) चालतील ना?

खारवा
पाण्याच्या इतक्या जवळ नाही. ३१६ ग्रेडचं स्टेनलेस स्टील घ्या, आणि खिळे-स्क्रूही ३१६ चेच. दोन धातू मिसळले की खाऱ्या हवेत जस्ताचा थर आधी जातो. तांब्याची प्रक्रिया केलेल्या लाकडात हे आणखी लवकर होतं. आणि जोत्याची उत्तरं अजून आलेली नाहीत.

गोवेकर_७
गोव्यात शॅक पावसाळ्याआधी उतरवतात. तसंच करा, जूनमध्ये सगळं सोडवून गोदामात ठेवा.

पाखाडी
कल्पना अर्धी उपयोगी आहे. वादळांचा सीझन १ जून ते ३० नोव्हेंबर, सहा महिने धंदा बंद ठेवणं मालकाला परवडणार नाही. पण समुद्राकडचा डेक आणि पडवी "गेली तर गेली" म्हणून हलकी बांधायची, आणि स्वयंपाकघर, कोठी, विजेचा बोर्ड मागे उंचावर पक्क्या गाभ्यात घ्यायचा, ही वाटणी मला सगळ्यात पटते.

स्लॅबवाला
म्हणजे गाभ्याला स्लॅब आलाच!

पाखाडी
लहान गाभ्याला, भिंतींसकट, चालेल. कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) ५० मिमीच्या खाली नको, आणि किनाऱ्यावरची वाळू काँक्रीटमध्ये अजिबात नको. क्षार आत गेले की सळई आतून फुगते.

वळचण
मोजलं. जोतं भरतीरेषेपासून ९ मीटर, समुद्रपातळीच्या १.४ मीटर वर. २ मीटर वाळू, खाली प्रवाळ खडक. जोत्यात कॉलम बोल्टनं बसवणार होतो.

खारवा
मग ते जोतं विसरा. वाळू धुपल्यावर तळापासून शांत पाणी १.५ मीटर चढलं असं धरा. लाट पाण्याच्या खोलीच्या ०.७८ पट, म्हणजे १.१७ मीटर. माथा शांत पाण्याच्या वर साधारण ०.८ मीटर. धुपलेल्या तळापासून २.३ मीटरपर्यंत लाट आदळते. गाभ्याच्या तळबीमची खालची कड याच्या वर हवी. पाण्याची खरी पातळी त्या किनाऱ्याच्या अभ्यासातून घ्या, माझा आकडा फक्त रीत दाखवायला आहे.

कॉलम पाइलवर (जमिनीत खोल रुतवलेल्या खांबांवर) उभे करा. नुसती वाळू असती तर पाइलचं टोक सरासरी समुद्रपातळीखाली किमान ३ मीटर न्या म्हटलं असतं. इथे खडक वर आहे, म्हणून त्यात भोक पाडून पाइल रुतवा. खोली बोअरचा नमुना पाहून ठरवा, प्रवाळ खडकात पोकळ्या निघतात. लाकडी पाइल हव्या असतील तर गयानाचं ग्रीनहार्ट, समुद्रातली कीड त्याला सहजी खात नाही. आधी भोक पाडल्याशिवाय बोल्ट जात नाही आणि टोकं चिरतात, सुताराला सांगून ठेवा.

खालची फरशी १०० मिमी, जाळी न घालता, १.२ मीटरवर सांधे देऊन, पाइलला न जोडता टाका. तिचे छोटे तुकडे व्हायला हवेत. जाळीमुळे अखंड राहिलेला तुकडा लाटेबरोबर पाइलवर आपटतो.

कोकणकडा
पिण्याच्या पाण्याचं काय? त्या बेटावर नद्या नाहीत म्हणतात.

वळचण
नाहीत, छपराचं पाणी टाकीत साठवतात. टाकी डेकखालीच घेणार होतो.

खारवा
नको. टाकीवर लाट आदळते आणि तिच्या कडेनं वाळू आणखी खणली जाते. मागे जमिनीकडे न्या. वादळाआधी काठोकाठ भरा, रिकामी टाकी जमिनीतलं पाणी वर उचलतं. ओव्हरफ्लोच्या नळाला तोंडाशी झडप बसवा, नाहीतर समुद्राचं पाणी आत.

वळचण
पत्रा, स्क्रू आणि ३१६ पट्ट्यांची ऑर्डर आज जाते. पाइलचं बोअर झाल्याशिवाय लाकूड मागवत नाही. स्वयंपाकघराच्या खिडक्यांना झडपा लाकडी की अॅल्युमिनियमच्या?

पाखाडी
दोन्ही चालतात, रूळ भिंतीच्या काँक्रीटमध्ये अँकर केलेला हवा, नुसता गिलाव्यात नको. त्याहून मोठं भोक चिमणीचं आहे. धुराड्याच्या पंख्याला वरून बसणारं बोल्टचं झाकण करून ठेवा. आणि गॅस सिलिंडर भरलेले असोत की रिकामे, दोन पट्ट्यांनी भिंतीला बांधा, पुरात तरंगून नळी तोडतात. स्वयंपाकघराची जागा गाभ्यात कुठल्या बाजूला धरली आहे? नकाशा टाका.