घरी जुळवायचा गेमिंग संगणक : आधी प्रोसेसर भारी घ्यावा की ग्राफिक्स कार्ड?

प्रश्न : नवा_जुळणीकार

नमस्कार. गेली सात वर्षे मी एकाच लॅपटॉपवर खेळत आलो असून आता पहिल्यांदाच सुटे भाग घेऊन घरी संगणक जुळवायचे ठरवले आहे. महिनाभर वाचन करून केलेली यादी अशी : रायझन ७ ७८००एक्स३डी प्रोसेसर, एक्स६७०ई चिपसेटचा मदरबोर्ड, १६ जीबीच्या चार स्टिक मिळून ६४ जीबी डीडीआर५ रॅम, ८ जीबीचे आरटीएक्स ५०६० टीआय ग्राफिक्स कार्ड, ३६० मिलिमीटरचा लिक्विड कूलर आणि २ टीबीची एनव्हीएमई एसएसडी. पॉवर सप्लाय १००० वॅटचा हवा एवढेच ठरले आहे. शेवटी जे पैसे उरतील त्यांत बसेल तो घेईन. मॉनिटर सध्या १०८०पी, ७५ हर्ट्झचा आहे. वर्षभरात १४४०पीचा घेण्याचा विचार आहे.

मी मुख्यतः मोठ्या खुल्या जगातले कथाप्रधान गेम खेळतो आणि अधूनमधून मित्रांबरोबर ऑनलाइन नेमबाजीचे. ग्राफिक्स कार्ड केव्हाही बदलता येते, प्रोसेसर मात्र सहसा बदलला जात नाही, म्हणून तो आधीच उत्तम घ्यावा असा माझा हिशेब आहे. एकूण खर्च मात्र वाढवता येणार नाही. यादीत काही चुकत असल्यास कृपया स्पष्ट सांगावे.

उत्तर : पेचकस

स्पष्ट सांगायला सांगितलेत म्हणून सांगतो : यादीतला प्रत्येक भाग एकेकटा पाहिला तर चांगला आहे, पण ते एकमेकांसाठी निवडलेले दिसत नाहीत. निवडीची सुरुवात प्रोसेसरपासून नव्हे, मॉनिटरपासून करावी, कारण बाकी सगळ्या भागांनी किती काम करायचे हे तोच ठरवतो. १०८०पीच्या एका फ्रेममध्ये सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, तर १४४०पीच्या फ्रेममध्ये सुमारे ३६.९ लाख. हा वाढीव भार जवळजवळ सगळा ग्राफिक्स कार्डावर पडतो, प्रोसेसरवर नाही. शिवाय ७५ हर्ट्झचा पडदा सेकंदाला ७५ च चित्रे दाखवतो. त्याच्यामागे ७८००एक्स३डी बसवून दीडशे फ्रेम तयार केल्या, तरी निम्म्या तुमच्या डोळ्यांपर्यंत पोहोचणारच नाहीत.

प्रोसेसर बदलला जात नाही हे लॅपटॉपच्या बाबतीत खरे आहे. तुमच्या यादीतला प्रोसेसर ज्या एएम५ सॉकेटमध्ये (मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा) बसतो, त्याच्या बाबतीत ते लागू पडत नाही. आधीच्या एएम४ सॉकेटवर २०१७ साली पहिले रायझन घेतलेल्या अनेकांनी पुढे केवळ बायोस (मदरबोर्डमधले मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करून त्याच मदरबोर्डवर २०२२ चा ५८००एक्स३डी बसवला. एएम५ साठीही निदान २०२७ पर्यंत पाठबळ देण्याचे रायझन बनवणाऱ्या एएमडीने जाहीर केले आहे. म्हणून माझी सूचना अशी, की आज सहा कोअरचा रायझन ५ ७६०० घ्यावा आणि मदरबोर्ड चांगल्या बी६५० चिपसेटचा घ्यावा. एक्स६७०ई मध्ये जास्तीचे स्लॉट आणि पोर्ट मिळतात, गेममधल्या फ्रेम वाढत नाहीत. लिक्विड कूलर तर यादीतून काढूनच टाका. ७६०० बरोबर खोक्यातच कूलर येतो. तो थोडा आवाज करतो, पण काम भागवतो, आणि पुढे साधा टॉवर कूलर लावला की आवाजही जातो.

यातून वाचलेले पैसे कार्डाकडे वळवावेत. ५०६० टीआय हे ८ आणि १६ जीबी अशा दोन रूपांत मिळते, नाव तेच, चिपही तीच. १४४०पीला टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागाची चित्रे) उच्च ठेवून रे ट्रेसिंग (प्रकाश-सावल्यांचा खराखुरा हिशेब) सुरू केले, की अलीकडच्या बऱ्याच गेममध्ये कार्डावरची ८ जीबी मेमरी भरून जाते आणि उरलेली माहिती कार्ड आणि मदरबोर्ड यांना जोडणाऱ्या पीसीआयई मार्गाने मुख्य रॅममधून ये-जा करू लागते. सरासरी फ्रेमचा आकडा तेव्हाही बरा दिसू शकतो, त्यामुळे दोष पटकन कळत नाही. प्रत्यक्षात वळणावर चित्र क्षणभर अडकते, किंवा समोरच्या दुकानाची पाटी आधी पुसट दिसून दोन सेकंदांनी स्वच्छ होते. तुमच्या आवडीच्या खुल्या जगातल्या गेममध्ये तर हे हटकून जाणवेल. म्हणून किमान १६ जीबीचे ५०६० टीआय किंवा आरएक्स ९०६० एक्सटी पाहावे आणि वाचलेल्या पैशांत बसत असेल तर आरएक्स ९०७० घ्यावे. त्यातही १६ जीबीच आहे, पण ते कार्ड बऱ्याच वरच्या ताकदीचे आहे.

उत्तर : रात्रपाळी

वरील सल्ला प्रश्नकर्त्यांसाठी योग्य आहे. तो सरसकट सर्वांना लागू करू नये एवढेच माझे म्हणणे आहे. मी स्वतः शहरे वसवण्याचे आणि मोठ्या लढायांचे गेम खेळतो. त्यांत हजारो पात्रांच्या हालचालींचा हिशेब प्रोसेसरच करत असतो आणि तिथे ७८००एक्स३डीची ९६ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी) आणि ७६०० ची ३२ एमबी यांतला फरक मला अगदी स्पष्ट जाणवला. वसाहत मोठी झाल्यावर पूर्वी माझा संगणक रखडायचा, तेव्हा मी आधी कार्ड बदलले आणि काहीही उपयोग झाला नाही. ती चूक अर्थातच माझी होती, कारण न तपासता खर्च केला.

तपासणे सोपे आहे. गेम चालू असताना रिझोल्यूशन कमी करून पाहावे. फ्रेम भराभर वाढल्या तर अडथळा कार्डाचा आहे; आकडा जागचा हलला नाही तर प्रोसेसरचा. दोन भागांची नावे टाकली की ‘बॉटलनेक’ची टक्केवारी काढून देणाऱ्या संकेतस्थळांवर मात्र विसंबू नये. अडथळा गेमगणिक बदलतो, किंबहुना एकाच गेममध्ये गर्दीच्या चौकात एक आणि मोकळ्या माळावर दुसरा असतो. तो एका आकड्यात कसा मावणार?

प्रश्नकर्ता : नवा_जुळणीकार

दोघांचेही आभार. मॉनिटर आताच १४४०पी, १६५ हर्ट्झचा घ्यायचे ठरवले असून ७६०० आणि ९०७० या जोडीवर मन स्थिर होत आहे. मग पॉवर सप्लाय १००० वॅटचा लागेल का? आणि रॅमच्या चार स्टिक भरून टाकल्या तर बिघडते कुठे?

उत्तर : तांब्याची_तार

पॉवर सप्लायसाठी ‘उरलेल्या पैशांत बसेल तो’ हे वाक्य वाचून राहवले नाही. हिशेब असा : ९०७० कार्ड सुमारे २२० वॅट घेते, ७६०० पूर्ण भारावर ८८ वॅटपर्यंत जातो, बाकी सगळे मिळून साठ-सत्तर धरा. बेरीज चारशेच्याही आत राहते. चांगल्या बनावटीचा ६५० वॅटचा पुरेल आणि ७५० वॅटचा घेतलात तर पुढच्या कार्डासाठीही जागा राहील. स्वस्तातल्या अनोळखी १००० वॅटपेक्षा हा केव्हाही बरा. ‘८० प्लस गोल्ड’ ही खूण फक्त कार्यक्षमता सांगते. आतले कपॅसिटर कसे आहेत, जास्त भार आल्यावर संरक्षण वेळेवर काम करते की नाही, हे त्या खुणेवरून कळत नाही. त्यासाठी यंत्रावर तपासून लिहिलेली परीक्षणे वाचावीत आणि वॉरंटी किती वर्षांची आहे ते पाहावे.

आणखी एक, हे अनुभवातून आलेले. मी एकदा पॉवर सप्लाय बदलताना कॅबिनेटमध्ये नीट बांधलेल्या जुन्या केबल तशाच ठेवल्या आणि नव्या सप्लायला जोडल्या. खाचेत त्या व्यवस्थित बसल्या, अगदी ‘टक्’ असा आवाजही आला. बटण दाबले आणि हार्ड डिस्क गेली. मॉड्युलर (सप्लायपासून सुट्या होणाऱ्या) केबलचे सप्लायकडचे टोक दिसायला सारखे असले तरी कोणत्या पिनवर कोणता व्होल्ट हे प्रत्येक उत्पादक, कधीकधी प्रत्येक मॉडेल, वेगळे ठेवते. केबल ज्या सप्लायच्या खोक्यातून आल्या, त्यालाच वापराव्यात.

रॅमबद्दल : चार स्टिक लावल्या की डीडीआर५ चा वेग टिकवणे मेमरी कंट्रोलरला जड जाते. रायझन ७००० साठी एएमडीचा अधिकृत वेग दोन स्टिकना ५२०० आणि चारांना ३६०० एवढाच आहे. म्हणून १६ जीबीच्या दोनच घ्या, ६००० वेगाच्या आणि सीएल३० च्या (हा आकडा रॅमच्या प्रतिसादातली दिरंगाई सांगतो); त्या वेगावर दोन स्टिक सहसा विनातक्रार चालतात. प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवा आणि बायोसमध्ये जाऊन एक्सपो प्रोफाइल (रॅमच्या जाहीर वेगाची तयार मांडणी) चालू करा, नाहीतर त्या मूळच्या कमी वेगावरच चालत राहतील. पहिल्यांदा संगणक सुरू केल्यावर पंखे फिरतात, मदरबोर्डवरचा रॅमचा दिवा पेटून राहतो आणि पडदा काही मिनिटे काळाच असतो. तेव्हा संगणक मेमरीची जुळवाजुळव करत असतो. मी घाबरून तीनदा वीज बंद केली आणि तीनदा ती जुळवाजुळव पहिल्यापासून सुरू झाली. तुम्ही शांतपणे चहा करून घ्या.

प्रश्नकर्ता : नवा_जुळणीकार

केबलचा किस्सा वाचून जुना पॉवर सप्लाय मित्राकडून घेण्याचा बेत रद्द केला. शेवटची शंका : निवडलेले कार्ड ३२० मिलिमीटर लांब आहे आणि कॅबिनेटमध्ये कमाल ३६० मिलिमीटर असे छापले आहे. एवढे अंतर पुरेल ना?

उत्तर : पेचकस

पुरेल, पण तो आकडा कशासकट मोजला आहे ते माहितीपत्रकात पाहा. पुष्कळदा तो पुढच्या बाजूला काहीच लावलेले नाही असे धरून दिलेला असतो. साधा पंखा २५ मिलिमीटर जाड असतो, म्हणजे तुमच्याकडे १५ मिलिमीटर उरतात. तुमच्या पहिल्या यादीतला लिक्विड कूलर पुढे लावला असता तर रेडिएटरची जाडी मिळवून जागा संपली असती आणि कार्ड आत गेलेच नसते. पुढे टॉवर कूलर घ्याल तेव्हा त्याची उंचीही अशीच मोजून घ्या. कॅबिनेटची पुढची बाजू जाळीची असावी. काचेची दिसायला छान असते, पण हवा अडते.

सगळे जुळल्यावर मॉनिटरची केबल मदरबोर्डला न लावता कार्डाला लावा आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन १६५ हर्ट्झ स्वतः निवडा. अनेकदा ते आपोआप होत नाही. माझ्या भावाने पाच महिने नवा मॉनिटर ६० वरच वापरला होता.