टर्नरच्या चित्रात मच्छीमार दिसतात, की नुसता चंद्र?

चित्रवेडी:
इंग्रज चित्रकार टर्नरचं 'फिशरमेन ॲट सी' मला दरवेळी अस्वस्थ करतं. लंडनच्या रॉयल अकॅडमी या कलासंस्थेत मांडलेलं हे त्याचं पहिलं तैलचित्र, साल १७९६, वय जेमतेम २१. इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या आइल ऑफ वाइट बेटाजवळचा रात्रीचा समुद्र, मागे 'नीडल्स' नावाचे खडकांचे सुळके, ढगांतून डोकावणारा चंद्र आणि लाटेवर कलंडलेली होडी. लोक त्या चंद्रप्रकाशाची तारीफ करतात. होडीतल्या माणसांना मात्र चेहरेच नाहीत! संकट दुरून पाहिलं की त्यातही सुख वाटतं, असं विचारवंत एडमंड बर्क १७५७ सालीच लिहून गेला होता. हे चित्र तेच सुख देतं. जीव मच्छीमारांचा टांगणीला, रोमांच लंडनच्या प्रेक्षकाला.

उजेड-अंधार:
अजिबात पटलं नाही. चित्रात उजेड दोन आहेत. चंद्राचा थंड, रुपेरी. दुसरा होडीतल्या कंदिलाचा, पिवळट आणि उबदार. एवढ्या काळोखात ऊब फक्त माणसांपाशी ठेवली आहे, ती उगाच नाही. शिवाय पाहणारा 'दुरून' कुठे पाहतोय? पायाखाली किनारा दिलेलाच नाही, समोर थेट पाणी उसळतं. चेहऱ्यांचं म्हणाल, तर रात्री हलत्या होडीतले चेहरे दिसतात तरी किती?

नाखवा:
ताई, आमचं घर कोळ्यांचं, म्हणून एक सांगतो. पौर्णिमेचा चंद्र म्हणजे उधाण. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाण्याला ओढ कमी असते, उधाणात ती जबर. आमच्याकडच्या डोल जाळ्याला, म्हणजे एका जागी बांधलेल्या पिशवीसारख्या जाळ्याला, ही ओढ लागतेच, तीच जाळं ताणून धरते आणि मासळी आत लोटते. ते लोक कुठलं जाळं टाकत होते ते सोडा, पण नीडल्सजवळही भरती-ओहोटीचा प्रवाह जोरकस असतो. त्यामुळे मला तो चंद्र शोभेचा वाटत नाही. ज्या पाण्याशी ही माणसं झुंजतायत, त्याला तोच खेचतोय.

चित्रवेडी:
नाखवादादा, उधाणाचा मुद्दा मानला. चंद्राकडे मी तसं पाहिलंच नव्हतं. पण त्यामुळे माझी तक्रार आणखी पक्की होते. १७९६ साली इंग्लंड फ्रान्सशी लढत होतं आणि दर्यावर्दी माणसांना पकडून जबरदस्तीने नौदलात घालत होते. आइल ऑफ वाइटच्या समोरच पोर्ट्समथचा आरमारी तळ. मच्छीमाराला धास्ती फक्त लाटांची नव्हती, सरकारचीही होती. चित्रात सगळा धोका निसर्गाच्या माथी मारला आहे, आणि निसर्गाला कोण जाब विचारणार?

उजेड-अंधार:
एका कॅनव्हासकडून तुम्ही अख्ख्या इतिहासाची मागणी करताय. टर्नरचंच १८०३ चं 'कॅले पियर' बघा, फ्रान्सच्या कॅले बंदरातल्या धक्क्याचं चित्र. फ्रेंच मच्छीमार खवळलेल्या समुद्रात होड्या लोटतायत, धक्क्यावर बायाबापड्यांची गर्दी, प्रत्येकाची लगबग वेगळी. माणसं त्याला दिसत नव्हती, असं कसं म्हणता?

चित्रवेडी:
दिसत होती, हे कबूल. म्हणून तर १७९६ च्या चित्राबद्दल जास्त वाईट वाटतं. 'कॅले पियर'मधला मच्छीमार धक्क्यावरच्या बाईला बाटली दाखवून ओरडतो, चिडतो, माणसासारखा वागतो. नीडल्सजवळच्या होडीत तसा एकही नाही. कंदील आहे, मान्य, पण त्या उजेडात मला अजून कुणी ओळखू येत नाही.

नाखवा:
मला येतात. होडी कलंडली तरी कामाला लागलेली माणसं आहेत ती. रात्रीच्या दर्यात आमची माणसंही एवढीच दिसतात, पाठी आणि हात.