सिटगोची पाटी 'बघायला' जायचं म्हणजे नक्की काय करायचं?

टीकोजीराव
'बॉस्टन दोन दिवसांत' या धाग्यावर काल कोणीतरी ठणकावून लिहिलंय, "केनमोर स्क्वेअरची सिटगोची पाटी पाहिली नाही तर बॉस्टन पाहिलंच नाही." तिथे उत्तर लिहायला बसलो, ते इतकं लांबलं की वेगळा धागा काढतोय.

मी पाहिली हो ती पाटी. लेकीकडे आलोय, तिनेच कौतुकाने नेलं. ग्रीन लाइनच्या स्टेशनातून जिना चढून वर आलो. चौकात बसगाड्यांची झुंबड, कॉलेजची पोरं, आणि एका इमारतीच्या गच्चीवर साठ बाय साठ फुटांचा पांढरा चौकोन. त्यात लाल त्रिकोण, खाली निळ्या अक्षरांत सिटगो या पेट्रोल कंपनीचं नाव. पाच मिनिटं मान वर करून उभा राहिलो. मग विचारलं, "आता?" ती म्हणाली, "आता काही नाही बाबा. हीच."

आणि वर ज्या निऑनच्या नळ्यांचे एवढे गोडवे गातात, त्या २००५ सालीच काढून एलईडी बसवलेत. म्हणजे मुळात जाहिरात, आणि तीही डुप्लिकेट!

केनमोरकर
काका, तो प्रतिसाद माझाच. ठणकावून नाही, प्रेमाने लिहिला होता.

पाच मिनिटं दुपारी उभं राहून ती कळत नाही. १९४० पासून तिथे पाटी आहे, आताचा त्रिकोण १९६५ चा. १९७९ मध्ये वीज वाचवा म्हणून गव्हर्नरने विझवायला लावली. चार वर्षं अंधारात होती. १९८२ ला कंपनी उतरवायला निघाली, तर लोकच आडवे आले. स्वतःची जाहिरात काढायला निघालेल्या कंपनीला गिऱ्हाइकांनी अडवलं, असं कुठे ऐकलंय? १९८३ ला पुन्हा पेटली.

बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ती पाटी आली की एक मैल उरला. फेनवे पार्कच्या बेसबॉल मैदानात बसलात की डावीकडच्या हिरव्या भिंतीच्या वर तीच. मी आलो त्या पहिल्या हिवाळ्यात फोन बंद पडला, बर्फात रस्ता चुकलो. दोन इमारतींच्या फटीतून तो लाल त्रिकोण दिसला आणि घरी पोचलो. तुमच्यासाठी जाहिरात असेल.

घाटकोपरची
लोक आडवे आले म्हणे! आमच्याकडे कोणी आडवं आलं असतं तर बरं झालं असतं. १३ मे २०२४. छेडानगरच्या पेट्रोल पंपावर होर्डिंग पडलं, १७ माणसं गेली. १२० बाय १२० फूट, महापालिकेची मर्यादा ४० बाय ४० ची. तुमच्या त्या पाटीच्या चौपट क्षेत्रफळ. माझा चुलतभाऊ त्या संध्याकाळी तिथे पेट्रोल भरून अर्ध्या तासापूर्वी निघाला होता. तेव्हापासून मला गच्चीवरची कुठलीच जाहिरात 'ऐतिहासिक' वाटत नाही. मान वर करायचीच भीती वाटते.

केनमोरकर
ताई, वाईटच झालं ते. पण ८० वर्षं नीट उभ्या असलेल्या पाटीवर त्याचा राग का?

घाटकोपरची
कारण तुम्ही अमेरिकेत बसून जाहिरातीवर हळवे होता, आणि आम्ही इथे जाहिरातींखालून जीव मुठीत धरून चालतो.

केनमोरकर
मी भांडुपला वाढलोय. "अमेरिकेत बसून" ही टेप आता बंद करा.

फ्लेक्सग्रस्त
होर्डिंगला निदान सांगाडा तरी असतो. आमच्या सोसायटीच्या गेटसमोर 'भावी नगरसेवक' चार महिने लटकलेत. वाढदिवस जानेवारीत झाला. फ्लेक्सवर एकूण तेवीस चेहरे, मी मोजलेत. त्यातला एक आमच्याच बी विंगमधला, मेंटेनन्स थकवलेला. वळणावर समोरची रिक्षा दिसत नाही. वॉर्ड ऑफिसला तक्रार केली तर विचारतात, कोणत्या पक्षाचा?

घाटकोपरची
आमच्याकडे तर दहीहंडीचा दिवाळीपर्यंत राहतो. मग त्यावरच दिवाळीचा चढवतात.

फ्लेक्सग्रस्त
आणि शुभेच्छुकांत 'समस्त मित्रपरिवार'. अहो, समस्त म्हणजे कोण? मला विचारलंत का?

तारतम्य
विषय बॉस्टनचा होता बहुतेक.

एक दुरुस्ती. निऑन वायूचा स्वतःचा रंग तांबडा-नारिंगी. निळी अक्षरं निऑनची नसतातच, त्या नळ्यांत आर्गॉन आणि किंचित पारा असतो. म्हणजे 'अस्सल निऑन' होतं तेव्हाही सगळं निऑन नव्हतं. टीकोजीरावांचा डुप्लिकेटचा मुद्दा तिथेच लंगडा पडतो. पाच मैलांहून लांब काचेच्या नळ्या सांभाळायच्या, त्याही बॉस्टनच्या थंडीवाऱ्यात, हे बोलायला सोपं आहे.

टीकोजीराव
वा, गुरुजी आले! लंगडा तर लंगडा. पण मग असं म्हणा ना की नळ्या बदलल्या, आकार तोच ठेवला. रायगडावर सिमेंटची मेघडंबरी बांधून "तीच आहे" म्हणाल का?

केनमोरकर
पेट्रोलच्या पाटीला रायगडाशी तोलणारे तुम्हीच. मी फक्त 'बघा' म्हणालो होतो.

आणि तिथे सगळे भोळेभाबडे आहेत असंही नाही. सिटगोची मालकी व्हेनेझुएलाच्या सरकारी तेल कंपनीकडे. २००६ ला तिथला अध्यक्ष चावेझ युनोत बुशना सैतान म्हणाला, तेव्हा इथला एक नगरसेवक ही पाटी हटवायला निघाला होता. २०१८ ला शहराच्या लँडमार्क आयोगाने तिला वारसा-वास्तूचा दर्जा द्यायचं ठरवलं, तर महापौरांनीच नकाराधिकार वापरला. कागदोपत्री दर्जा नाही आणि पाटी जागेवर आहे.

फ्लेक्सग्रस्त
नगरसेवक पाटी *हटवायला* निघाला? हे वाक्य मी तीनदा वाचलं.

टीकोजीराव
काल रात्री हार्वर्ड पुलावरून पायी आलो. त्या पुलावर १९५८ साली एमआयटीच्या पोरांनी एका मित्राला आडवं पाडून पाडून पूल मोजला होता, ३६४.४ स्मूट आणि एक कान. स्मूट हे त्या मित्राचं आडनाव. त्या खुणा अजून रंगवतात. बघायचंच असेल तर हे बघा, फुकट आहे आणि मान दुखत नाही.

आता केनमोरकरांनी लगेच उड्या मारू नयेत, पण पूल ओलांडताना नदीपलीकडे ती पाटी दिसत होती खरी. लेक फोनवर बोलत होती, मी पुढे चालत होतो, आणि कुठे वळायचं ते मला तिला विचारावं लागलं नाही. बस, एवढंच. याला 'बघणं' म्हणत असाल तर पाहिली.

केनमोरकर
उडी मारली. 😄

घाटकोपरची
खूण म्हणून ठीक. तिचे खिळे-बोल्ट कोण तपासतं, ते तेवढं सांगा, मग मीही येते.

फ्लेक्सग्रस्त
अपडेट: कालच्या वाऱ्याने भावी नगरसेवक अर्धे फाटले. बी विंगवाल्याने उरलेला तुकडा स्वतःच्या स्कूटरवर घातलाय, बरोब्बर स्वतःचा चेहरा वर ठेवून.