अनुभव धागा : हजेरीपटाची शेवटची पाने

नेवासेकरीण

सर्वांना सलाम. गेल्या आठवड्यात गावाकडच्या घरात वाळवीचे औषध मारायचे होते, म्हणून माळ्यावरची लोखंडी पेटी खाली उतरवली. तिच्या तळाशी आजोबांचा १९३८ सालचा हजेरीपट निघाला. आजोबा नेवासे तालुक्यातल्या एका खेड्यात मिशनच्या एकशिक्षकी शाळेत मास्तर होते. त्या काळी नगर जिल्ह्यात अशा शाळांचा मास्तर सोमवार ते शनिवार शिकवी आणि रविवारी त्याच खोलीत त्याच फळ्याखाली उभा राहून उपासना चालवी, हे इथल्या अनेकांना घरातूनच ठाऊक असेल. त्यामुळे हजेरीपटाची पुढची पाने मुलांची आहेत आणि शेवटची पाने मंडळीच्या, म्हणजे गावच्या चर्चच्या, अर्पणाची. ‘बाजरी एक पायली’, ‘अंडी तीन’, ‘दोन आणे, विधवेकडून’, अशा नोंदी सुवाच्य बाळबोध अक्षरात केलेल्या आहेत.

मुलांच्या नावांपुढे ‘गै.’ लिहून कारणेही दिली आहेत : गुरे राखणे, आई बाळंत, मळ्यात खुरपणी. सप्टेंबरच्या पानावर मात्र मी अडखळले, कारण तिथे आजोबांनी स्वतःलाच गैरहजर मांडले आहे. ‘मास्तर गै. शेजारगावी मयत. प्रवरेस पाणी, परतणे झाले नाही. एक दिवसाचा पगार कापावा.’ तपासनीस महिन्यातून एकदा येई, गावात दुसरे कुणी लिहिणारे नव्हते, म्हणजे ही नोंद केली नसती तरी कुणाला कळले नसते.

मी स्वतः पंचवीस वर्षे एका शाळेत मुख्याध्यापिका होते आणि हे पान पाहून माझ्या सहीच्या काही कागदांची मला आठवण झाली. ती इथे लिहिण्याइतके धैर्य आज नाही. तुम्हाला जबाबदारी कुणी शिकवली, शाळेत, मंडळीत की घरात, आणि त्यात श्रद्धेचा भाग किती होता, ते लिहावे. ख्रिस्ती नसलात तरी लिहावे.

अर्धी भाकर

ताई, सलाम. मी सहावीत असताना रविवार शाळेच्या वर्गाची सेक्रेटरी झाले. काम एवढेच की दर आठवड्याला वृत्त लिहायचे आणि पुढच्या रविवारी उभे राहून वाचायचे. ‘मागील सभेचे वृत्त वाचून कायम करण्यात आले’ हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा बाराव्या वर्षी लिहिले आणि ‘कायम’ या शब्दाचा अर्थ बाईंना विचारला. अर्पणाची थैली मोजायला बाई नेहमी दोन मुले बसवत. एकाने मोजायचे, मग थैली दुसऱ्याकडे द्यायची, दोघांचे आकडे जुळले तरच सह्या. एकदा चार आणे जुळेनात, तेव्हा बाईंनी आम्हाला जेवायला सोडले नाही. शेवटी नाणे सतरंजीच्या घडीत सापडले. आज मी आमच्या बचत गटाची अध्यक्ष आहे आणि आमच्याकडे पैसे एकटीने कुणी मोजत नाही. गटातल्या बायांना वाटते, हा नियम बँकेच्या साहेबांनी घालून दिला.

घंटेवाला

आमच्या मंडळीत सुगीच्या सणाला अर्पणाच्या वस्तूंचा लिलाव होतो. एका वर्षी एकच कोंबडी सात वेळा विकली गेली, कारण जो घेई तो ती पुन्हा अर्पण करी. आठव्या वेळी कोंबडीनेच कंटाळून खिडकीतून प्रस्थान ठेवले.

अर्धी भाकर

घंटेवाले दादा, आमच्याकडे तो मान एका भोपळ्याला मिळाला होता. भोपळा पळत नाही, हा त्याचा फायदा.

कुपारी पोरगा

मी वसईचा. आमच्याकडे पवित्र गुरुवारी फादर बारा जणांचे पाय धुतात, प्रभूने शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे धुतले तसे. पूर्वी हे बाराही पुरुषच असत. जानेवारी २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी नियम बदलला आणि स्त्रियांचेही पाय धुण्यास मुभा दिली. त्या वर्षी फादर आमच्या घरी येऊन आईला विचारून गेले. आईने चाळीस वर्षे पहाटेच्या लोकलने दादरला फुले नेली आहेत, त्यामुळे तिच्या टाचांचे वर्णन मी करत नाही. होकार दिल्यावर ती तीन दिवस न्हाणीत वज्रीने टाचा घासत बसली. वडील म्हणाले, ‘अगं, धुवायचेच आहेत ना, मग आधी कशाला धुतेस?’ त्यावर तिने उत्तर दिले की फादरांना भेगा टोचतील.

मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, फादर गुडघ्यांवर बसले, पाणी ओतले, पुसले आणि वाकून पायाचे चुंबन घेतले. आई त्या वेळी छताकडे पाहत होती. घरी आल्यावर तिने माझ्या धाकट्या भावजयीला, जिच्याशी तिचे दोन महिने बोलणे बंद होते, ताट वाढून दिले. यापेक्षा अधिक काही घडले नाही, पण आमच्या घरात ते पुष्कळ होते.

आमच्या वसईत फादर पाणी, झाडे आणि गुंडगिरी या विषयांवर रस्त्यावरही उतरले आहेत. हरित वसईच्या चळवळीत फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढे होते, ‘सुवार्ता’ मासिक त्यांनी अनेक वर्षे चालवले आणि २०२० साली ते उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांची भाषणे ऐकूनच माझ्या पिढीतली मुले मराठीत सभेत बोलायला शिकली, एरवी आम्ही घरात आमची बोलीच बोलतो.

नेवासेकरीण

वज्री वाचून खूप हसले आणि मग हसू थांबले. आईंना माझा सलाम सांगा.

माळकरी

मी ख्रिस्ती नाही, आमचे घर वारकरी. वडिलांनी मला पाचवीत मिशनच्या बोर्डिंगात ठेवले, कारण तालुक्यात दुसरे वसतिगृह नव्हते. तिथे दर रविवारी रात्री कामांची यादी फळ्यावर खडूने लिहीत : झाडलोट, पाणी भरणे, दिवाबत्ती, संडास. पहिल्या आठवड्यात संडासापुढे बुधवारी कुणाचे नाव आहे ते पाहायला मी वाकलो, तर तिथे अधीक्षक सरांचे नाव होते. मला वाटले, कुणी तरी खोडी काढली असेल. बुधवारी पहाटे पाहिले तर सर धोतर खोचून, फडा आणि फिनेलची बाटली घेऊन निघाले होते. ते नाव पाचही वर्षे कधी पुसले गेले नाही, सर आजारी असले की पुढच्या आठवड्यात दोनदा येई.

दिवाळीच्या सुट्टीत आजीने पहिला प्रश्न विचारला, ‘बाटला नाहीस ना रे?’ मी सांगितले की नाही, पण संडास धुवायला शिकलो. आजी अर्धा तास काही बोलली नाही. बाटण्यापेक्षा हे तिला अधिक भयंकर वाटले असावे. आमच्या वाड्यात ते काम करायला जी बाई येई, तिला आजी पाणी वरून ओतून देत असे. त्याच सुट्टीत मी तिला पेल्याने पाणी दिले आणि मार खाल्ला. मी अजूनही माळकरी आहे आणि दर आषाढीला पंढरपूरला जातो. माझ्या छापखान्यात सहा माणसे आहेत, बुधवार माझा असतो.

खिळे जुळवणारी

छापखान्याचे नाव निघाले म्हणून लिहिते. आमच्या पणजीला पंडिता रमाबाईंनी दुष्काळातून केडगावला आणले होते. ती कुठल्या गावची होती हे घरात कुणालाच ठाऊक नाही, आणि तिलाही नीट आठवत नसे. तिथल्या मुक्तिसदनात, म्हणजे रमाबाईंच्या आश्रमात, तिला आधी लिहिणे-वाचणे आणि मग छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरे, जुळवणे शिकवले गेले. शिशाच्या खिळ्यावरचे अक्षर उलटे असते, त्यामुळे पणजी उलटी अक्षरे सरळ अक्षरांपेक्षा भरभर वाचत असे, आणि म्हातारपणी नातवंडांना आरसा घेऊन ती गंमत दाखवत असे.

रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून पवित्र शास्त्राचे भाषांतर करत होत्या. १९२१ साली त्यांची मुलगी मनोरमा गेली, एप्रिल १९२२ मध्ये त्या स्वतः गेल्या, आणि तो ग्रंथ त्यानंतर छापून पूर्ण झाला. पणजी सांगे की बाई गेल्यावर चार दिवस कुणी खिळ्यांना हात लावला नाही, पाचव्या दिवशी एका आंधळ्या मुलीने विचारले, ‘यंत्राचा आवाज का येत नाही?’ आणि मग सगळ्या उठून कामाला लागल्या. ही हकिकत आमच्या घरातली आहे, पुस्तकातली नाही, तेव्हा तिला तेवढेच मोल द्यावे.

मी जबाबदारीविषयी काहीच लिहिले नाही असे आता ध्यानात येते आहे. कुकरची तिसरी शिट्टी झाली, नंतर पाहते.

गणिताचा मास्तर

धागा वाचतो आहे. नेवासेकरीण ताई, पगार खरोखर कापला गेला का, हे कृपया पाहून सांगावे. तुम्ही सगळे भावनेच्या अंगाने लिहिता, मला आकडा हवा आहे.

मागच्या रांगेतला

सगळे चांगले चांगले लिहीत आहेत, म्हणून जड मनाने दुसरी बाजू लिहितो. माझ्या मंडळीचे आणि गावाचे नाव देत नाही. मी तिथे खजिनदार होतो. मंडळीच्या जागेत चार गाळे आहेत आणि त्यांच्या भाड्याची पावती पुस्तके मी पंचांकडे मागितली. पुढच्या निवडणुकीत माझे नाव यादीतून वगळले गेले, आणि त्यानंतर प्रभुभोजनाच्या दिवशी आमच्या शेजारी कुणी बसेनासे झाले. पाळकसाहेब भले गृहस्थ, पण त्यांचा पगार त्याच पंचांच्या हाती. प्रकरण आता कोर्टात आहे आणि दोन्ही बाजूंचे वकील सुखात आहेत. रविवारी मी मागच्या रांगेत बसतो, आणि उपासनेनंतर चार मुलांची रविवार शाळा घेतो. पूर्वी सोळा होती. चौघांपैकी एक त्या पंचांचाच नातू आहे, तो आजोबांना न सांगता येतो आणि वचने सर्वांत आधी पाठ करतो.

अर्धी भाकर

दादा, वाचून जीव कळवळला. थैली दोघांनी मोजायची, हे तुमच्या पंचांना कुणी लहानपणी शिकवले नसावे.

माळकरी

आमच्या देवस्थानाच्या विश्वस्तांचीही तीच कथा आहे हो. तिथे तर दानपेटीची किल्लीच हरवली आहे, गेली सहा वर्षे.

रात्रपाळी

मी परिचारिका होते, आता निवृत्त. रुग्णालयाचे नाव लिहीत नाही, कारण चूक माझी होती. तेवीस वर्षांची असताना मला रात्री एका वॉर्डाची जबाबदारी दिली होती. दर दोन तासांनी ताप पाहून तक्त्यावर मांडायचा. पहाटे दोनची नोंद माझ्याकडून राहिली, आणि मी चारच्या वेळी मधला आकडा अंदाजाने भरून टाकला. वॉर्डाच्या सिस्टर केरळच्या होत्या, त्यांचे मराठी मोडके पण नजर तीक्ष्ण. त्यांनी तक्ता पाहिला, मला पाहिले आणि म्हणाल्या, ‘दोन वाजता तू झोपली होती की तो झोपला होता?’ मी खरे सांगितले. त्यांनी वरिष्ठांकडे तक्रार केली नाही. मला त्या रुग्णाच्या खाटेपाशी नेले आणि जे मला सांगितलेस ते यांना सांग, असे म्हणाल्या. तो शेतकरी गृहस्थ माझ्या वडिलांच्या वयाचा होता. मी सांगितले. त्याला काही फारसे कळले नाही, ‘असू दे पोरी’ म्हणाला आणि त्याच्या बायकोने मला चहा दिला. नंतर सिस्टर माझ्याशेजारी उभ्या राहून प्रार्थनेत म्हणाल्या की देवा, हिला रात्री जागे ठेव. पुढे एकतीस वर्षे मी रात्रपाळीला डुलकी घेतली नाही, आता घरी झोप येत नाही ती त्यामुळेच.

जुने कागद

मी इतिहास शिकवतो, म्हणून थोडे जोडतो. नेवासेकरीण ताई, तुमचा हजेरीपट ज्या परंपरेतला आहे ती फार जुनी आहे. सिंथिया फरार १८२७ साली अमेरिकन मराठी मिशनकडून मुंबईत आल्या, पुढे नगरला मुलींच्या शाळा चालवत राहिल्या आणि १८६२ साली तिथेच वारल्या. जोतीराव फुले यांनी त्यांची शाळा पाहिली होती, आणि सावित्रीबाईंनी शिकवण्याचे धडे नगरला त्यांच्याकडेही घेतले. त्याच नगरहून १८४२ साली ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघाले, आणि तिथेच डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी १९४७ साली नगर कॉलेज काढले. या मोठ्या नावांच्या मधली जागा तुमच्या आजोबांसारख्या शेकडो मास्तरांनी भरलेली आहे, पण त्यांचे कागद कुणी जपले नाहीत, बहुतेक बंबात गेले. माझ्या स्वतःच्या आजीने असे दोन हजेरीपट सांडग्यांखाली अंथरले होते. तेव्हा कृपा करून त्या पानांवर वाळवीचे औषध मारू नये, आणि चिकटपट्टीही लावू नये.

नेवासेकरीण

औषध पेटीला मारले आहे, कागदांना नाही, तेव्हा निश्चिंत असावे. पाने सुती कापडात गुंडाळून ठेवली आहेत.

मास्तर, तुमचा आकडा सापडला. आजोबांचा पगार महिना पंधरा रुपये होता. सप्टेंबरच्या नोंदीत ‘रु. १४ आणे ८ मिळाले’ असे लिहून खाली त्यांची सही आहे. म्हणजे दिवसाचे आठ आणे कापले गेले. मग मी अर्पणाची पाने पुन्हा काढली, कारण तिथे दशांश, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग, ‘मास्तरांकडून’ असा वेगळा मांडला आहे. ऑगस्टमध्ये एक रुपया आठ आणे. सप्टेंबरमध्येही एक रुपया आठ आणे.

गणिताचा मास्तर

चौदा रुपये आठ आण्यांचा दशांश एक रुपया सात आणे आणि सुमारे अडीच पै होतो. म्हणजे मास्तरांनी साडेनऊ पै जास्त टाकले.

घंटेवाला

आजीला सांगितले असेल का हो त्यांनी?

नेवासेकरीण

त्या पानावर तरी तसे काही लिहिलेले नाही.