चोडणची निवटी आणि दशावतार

मत्स्य, कूर्म, वराह हा क्रम म्हणजे उत्क्रांतीच, हा मुद्दा ऐकायला गोड आहे, पण पटत नाही. कासवापासून डुक्कर झालं असं उत्क्रांती म्हणतच नाही. पूर्वज एक, फांद्या वेगळ्या. (गोव्यात, पेडण्यात दशावतारी नाटकाला रात्र जागवतो ती पुराणासाठी, जीवशास्त्रासाठी नव्हे.)

रायबंदरहून फेरीबोटीने चोडण बेटावर जा आणि ओहोटीच्या वेळी कांदळवनातल्या चिखलात निवटी बघा. आहे मासाच, पण पुढच्या परांवर रेटा देत चिखलावर सरकतो, डोळे डोक्यावर बटणासारखे, आणि ओल्या कातडीतून हवेतला प्राणवायू घेतो. हा आपला पणजोबा नव्हे हं! फार तर लांबचा चुलतभाऊ.

पणजोबांच्या जवळपासचा म्हणजे टिकटालिक, मासा आणि चार पायांचे प्राणी यांच्या मधला, आता फक्त जीवाश्मांत दिसणारा. असा प्राणी सुमारे ३७.५ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत मिळायला हवा, असं आधी ठरवून संशोधक कॅनडाच्या उत्तर टोकाला गेले आणि २००४ मध्ये तो सापडला. अंगावर माशाचे खवले, पण चपटं डोकं आणि वळणारी मान. सगळे जीव देवाने वेगवेगळे घडवले असं मानणाऱ्या सृष्टिवादाने असं आधी सांगून काय शोधलंय?

आमच्या वाड्यावरच्या पाद्रींना यात काही अडचण दिसत नाही. १९९६ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनीच उत्क्रांती नुसत्या गृहीतकाहून अधिक आहे, असं म्हटलं होतं.